वेगाला जागा लागते

रेल्वेच्या हिशेबाने नायगाव ते विरार हे अंतर सुमारे १२ किलोमीटर. वसई रोड आणि नालासोपारा घेत धीमी लोकल ते साधारण पाव तासात कापते. सप्टेंबर २०२५मध्ये जर्मनीतल्या पापेनबुर्ग इथल्या चाचणी-मार्गावर ‘यांगवांग यू९ एक्स्ट्रीम’ या चिनी इलेक्ट्रिक गाडीने ताशी ४९६.२२ किलोमीटरचा वेग गाठला. तोच वेग टिकवून धरता आला, तर नायगावहून निघालेली गाडी दीड मिनिट पुरे व्हायच्या आत विरारला पोहोचेल. एका सेकंदात ती जवळपास १३८ मीटर पुढे गेलेली असेल.

सुपरकारविषयी वाचताना आपल्यासमोर बहुधा आकड्यांची यादी येते. अमुक गाडी दीड हजार अश्वशक्तीची, तमुक दोन हजारांची. हे आकडे खरे असतात आणि थक्कही करतात. पण ताशी चारशे किलोमीटरच्या पलीकडे जायला नेमके काय लागते, ते त्यांतून कळत नाही. ताकद हा त्यातला पहिला आणि तुलनेने सोपा भाग. त्यानंतर हवा आडवी येते, टायरचे रबर आडवे येते, उष्णता आडवी येते आणि शेवटी रस्ताच संपतो. हे अडथळे या प्रकरणात आपण एकेक करून पाहू. त्यासाठी सोबत घेऊ मुंबईच्या एका कंपनीच्या मालकीखाली घडलेली, जगातल्या सर्वांत ताकदवान गाड्यांत मोडणारी एक गाडी.

हवेशी झुंज

ताशी ४० किलोमीटरने स्कूटर चालवताना हवा सुखाची वाटते. ताशी ३००ला तीच हवा गाडीचा सर्वांत मोठा शत्रू होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद आठपट होते. सुपरकारचे सगळे अर्थकारण या एका नियमावर उभे आहे.

ढोबळ हिशेब करून पाहू. सुपरकारच्या आकाराची, हवेतून सफाईने सरकणारी गाडी धरली, तर केवळ हवा कापण्यासाठी ताशी १०० किलोमीटरला सुमारे १२ अश्वशक्ती पुरतात. ताशी २००ला जवळपास १०० लागतात, ३००ला सव्वातीनशे आणि ४००ला पावणेआठशे. ताशी ४९०ला हा आकडा चौदाशेच्या वर जातो. म्हणजे शून्यापासून चारशेपर्यंत जेवढी ताकद खर्ची पडली, जवळजवळ तेवढीच शेवटच्या नव्वद किलोमीटरसाठी वेगळी मोजावी लागते. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचे इंजिन साधारण ७० ते ९० अश्वशक्तीचे असते.

बुगाटी कंपनीने २ ऑगस्ट २०१९ रोजी ‘शिराँ’ची खास आवृत्ती ताशी ४९०.४८४ किलोमीटरपर्यंत नेली. ती गाडी १६०० अश्वशक्तीची होती: आठ लिटरचे, सोळा सिलिंडरचे, चार टर्बो बसवलेले इंजिन. आपल्या हिशेबातले चौदाशे हवेने खाल्ले आणि उरलेले टायरच्या व यंत्रणेच्या घर्षणात गेले, हे सहज जुळते. एवढे करूनही बुगाटीला गाडीचे शेपूट सुमारे २५ सेंटीमीटरने लांबवावे लागले. गाडीमागे हवा जितकी अलगद मिटेल, तितकी मागे ओढणारी पोकळी लहान राहते. स्वीडनच्या कोनिगसेगने ‘जेस्को अ‍ॅब्सोल्युट’मध्ये मागचा मोठा पंख काढून टाकला आणि त्याजागी दोन उभे पर बसवले, तेही याच कारणाने.

मात्र फार गुळगुळीत आकारही धोक्याचा असतो. गाडीवरून वेगाने धावणारी हवा तिला वर उचलू पाहते, आणि चाकांवरचा भार कमी झाला की स्टिअरिंग ऐकेनासे होते. हवेला वाट करून द्यायची आणि तिच्याकडूनच गाडी जमिनीवर दाबूनही घ्यायची, ही कसरत साधण्यात अभियंत्यांची वर्षे जातात.

रबराची कसोटी

शिराँच्या त्या धावेत ताकदीइतकीच टायरची परीक्षा होती. ताशी ४९० किलोमीटरला चाक सेकंदाला साठच्या आसपास फेरे घेते. अशा फिरत्या टायरच्या कडेवरचा प्रत्येक कण बाहेर फेकला जाऊ पाहतो आणि त्याच्यावरचा ताण गुरुत्वाकर्षणाच्या पाच हजार पटींहून अधिक होतो. तिथे एक ग्रॅम रबर पाच किलोपेक्षा जास्त वजनासारखे ओढ देते. टायरच्या आत धाग्यांची किंवा तारांची एखादी जागा जरी कच्ची राहिली, तरी टायर फुटायला निमित्त पुरते. म्हणून मिशेलिनने त्या धावेसाठी बनवलेल्या टायरांचे बसवण्याआधी एक्स-रे काढून तपासणी केली होती.

हाच नियम आपल्या रोजच्या गाडीलाही लागू आहे, फक्त आकडे लहान आहेत. मुंबई ते नागपूर या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाची रचना ताशी १५० किलोमीटरसाठी आहे आणि कारसाठी वेगमर्यादा १२०ची. अशा रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने जाताना हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात चेपतो आणि पुन्हा फुगतो. या सततच्या लवण्याने तो आतून तापत जातो आणि जुने रबर दगा देते. लांबच्या प्रवासाआधी पंपावर थांबून हवा तपासणे, हे काम कितीही किरकोळ दिसले, तरी त्यामागचे विज्ञान विक्रमी गाड्यांचेच आहे.

मुंबईच्या मालकीची बतिस्ता

नायगावहून चर्चगेटकडे निघालेली लोकल वाटेत कांदिवलीला थांबते. कांदिवलीत महिंद्रा कंपनीचा जुना कारखाना आहे. १९४५मध्ये सुरू झालेली ही कंपनी विलीज जीप जुळवत मोटारधंद्यात आली आणि पुढे शेतकऱ्यांच्या दारी ट्रॅक्टर उभे करून मोठी झाली. डिसेंबर २०१५मध्ये याच महिंद्राने इटलीतली पिनिनफरिना कंपनी विकत घेण्याचा करार जाहीर केला. १९३०मध्ये तुरीन शहरात सुरू झालेल्या या कंपनीने फेरारीच्या कित्येक गाड्यांना त्यांचे रूप दिले आहे. २०१८मध्ये महिंद्राने ‘ऑटोमोबिली पिनिनफरिना’ ही नवी कंपनी काढली आणि मार्च २०१९मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात तिची पहिली गाडी लोकांसमोर आली. मूळ पिनिनफरिना कंपनीच्या संस्थापकाच्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘बतिस्ता’. बनवायच्या होत्या फक्त १५०.

बतिस्ताला इंजिन नाही. चार चाकांसाठी चार विजेच्या मोटारी आहेत, त्यांची मिळून ताकद १९०० अश्वशक्ती. बॅटरी १२० किलोवॅट-तासांची, इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकारात प्रवाशांच्या मागे आणि मधोमध बसवलेली. बॅटरी आणि मोटारींचे तंत्र क्रोएशियातल्या रिमॅक कंपनीचे आहे. शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला पोहोचायला तिला १.८६ सेकंद लागतात. ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत गाडी शंभरावर गेलेली असते. या वेळात चालक सीटच्या पाठीला स्वतःच्या वजनाच्या दीडपट जोराने दाबला जातो.

हे विजेवरच का जमते, ते समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलचे इंजिन फेरे वाढल्याशिवाय पूर्ण पीळ (टॉर्क) देत नाही. विजेची मोटार पहिल्या क्षणापासून देते. पण एवढा पीळ एकदम चाकांत सोडला, तर टायर जागच्या जागी फिरून धूर काढतील. म्हणून गाडीतला संगणक सेकंदात शेकडो वेळा प्रत्येक चाकाची पकड तपासतो आणि ज्या चाकाला जेवढे पेलेल तेवढेच देतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त, आतल्याला कमी. चार चाकांना चार मोटारी असल्याने हे वाटप फार बारकाईने करता येते.

या ताकदीची एक मर्यादाही आहे. १९०० अश्वशक्ती म्हणजे जवळपास १४०० किलोवॅट. एवढी ताकद सलग वापरली, तर १२० किलोवॅट-तासांची बॅटरी पाच मिनिटांच्या आसपास रिकामी होईल आणि त्याआधीच उष्णतेमुळे गाडी स्वतः ताकद आवरती घेईल. त्यामुळे या गाडीची खरी करामत अखंड पळण्यात दिसत नाही. काही सेकंदांत प्रचंड ऊर्जा सोडायची, ती थंड राखायची आणि ब्रेक दाबताच त्यातली बरीच परत बॅटरीत घ्यायची, यात ती दिसते. ब्रेक दाबताना मोटारीचा जनरेटर करण्याची ही युक्ती आज चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या महिंद्राच्या इलेक्ट्रिक गाड्यांतही आहे. मुंबईच्या लोकल गाड्याही ब्रेक लावताना अशीच वीज ओव्हरहेड तारेत परत पाठवतात. नायगावच्या फलाटावर थांबणारी लोकल त्या क्षणी वीज वापरत नसते, बनवत असते.

बतिस्ताखेरीजही मुंबईत अशा गाडीचे स्वप्न पाहिले गेले. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने २०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘अवंती’ ही स्पोर्ट्‌स कार मांडली. मुंबईच्याच वझिरानी ऑटोमोटिव्हने २०१८मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या मेळ्यात ‘शूल’ आणि २०२१मध्ये ‘एकॉन्क’ या गाड्या जगापुढे आणल्या. एकॉन्कचे वजन अवघे ७३८ किलो. बॅटरी जड असते हे गृहीतच धरणाऱ्या क्षेत्रात हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

पिथमपूरचा अकरा किलोमीटरचा गोल

बतिस्ता भारतात आली, तेव्हा तिला मोकळी सोडायची कुठे, हा प्रश्न होता. उत्तर मिळाले इंदूरजवळच्या पिथमपूरमध्ये. तिथे ‘नॅट्रॅक्स’ हे केंद्र सरकारचे वाहन चाचणी केंद्र आहे. त्याचा ११.३ किलोमीटर लांबीचा लंबगोल अतिवेग मार्ग जून २०२१मध्ये तेव्हाचे केंद्रीय अवजड उद्योग मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते सुरू झाला. चार लेनचा, १६ मीटर रुंद, कडेने उतार दिलेला. या उताराचे गणित असे आहे की वळणावर ताशी २५० किलोमीटरला गाडी स्टिअरिंग न फिरवताही आपल्या मार्गावर राहते. वळणावरची कमाल मर्यादा ताशी ३७५ किलोमीटरची आहे. २०२२मध्ये बतिस्ताने इथे पाव मैलाचे अंतर, म्हणजे सुमारे ४०० मीटर, उभ्या स्थितीतून ८.५५ सेकंदांत पार केले आणि ताशी साडेतीनशे किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

या मातीला वेगवान गाडी नवी नाही. १९३०च्या दशकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ गाडी मागवली होती. सुपरचार्जर बसवलेले तिचे इंजिन ३२० अश्वशक्तीचे, त्या काळात जवळजवळ अविश्वसनीय. लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी तिची बॉडी घडवली, रंग केशरी आणि काळा. त्या लांबलचक गाडीत बसायला जागा मात्र दोघांचीच. त्या काळातली सुपरकार एका मराठी संस्थानिकाकडे होती. पण ती ताकद पूर्ण खुलवायला सुरक्षित मार्ग तेव्हा इथे नव्हता. त्याच परिसरात आज असा मार्ग उभा आहे, आणि तो कुणा एकाच्या हौसेसाठी बांधलेला नाही. बस, ट्रक, रिक्षा, दुचाकी, सगळ्यांच्या चाचण्या तिथे होतात.

विक्रमांच्या यादीकडे पाहिले की जागेचे महत्त्व आणखी ठळक होते. बुगाटीची धाव जर्मनीतल्या एरा-लेसिएनच्या खासगी मार्गावर झाली. तिथे सरळ पट्टाच आठ किलोमीटरहून लांब आहे. मॅक्लारेन एफवनने १९९८मध्ये ताशी ३८६ किलोमीटरचा विक्रम केला तोही तिथेच, आणि दोन्ही वेळी स्टिअरिंगवर अँडी वॉलेस होते. कोनिगसेगकडे असा मार्ग नव्हता. म्हणून नोव्हेंबर २०१७मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नेवाडा राज्यात महामार्गाचा सतरा किलोमीटरहून लांब तुकडा सरकारी परवानगीने पूर्ण बंद करून घेतला. तिथे ‘अगेरा आरएस’ने दोन्ही दिशांची सरासरी ताशी ४४७ किलोमीटर नोंदवली.

दोन्ही दिशांची सरासरी का? एका दिशेला वारा पाठीशी असेल किंवा रस्त्याला बारीक उतार असेल, तर आकडा फुगतो. उलट दिशेने तीच धाव घेतली की तो फायदा निघून जातो. बुगाटीचा आकडा एकाच दिशेचा आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकेच्या एसएससी कंपनीने ‘तुआतारा’साठी ताशी ५०८ किलोमीटरचा दावा केला होता, पण चित्रफीत बारकाईने पाहणाऱ्यांनी वेळ आणि अंतराचा मेळ बसत नसल्याचे दाखवले. कंपनीने जानेवारी २०२१मध्ये पुन्हा धाव घेऊन दोन दिशांची सरासरी ४५५ नोंदवली आणि पुढे तो पहिला दावा सोडून दिला. विक्रमाला तपासणीचा कस लागतो, ही या क्षेत्राची चांगली परंपरा आहे.

थांबायला किती जागा?

आता नायगावला परत येऊ. वर्सोवा खाडीपूल ओलांडला की मुंबई-अहमदाबाद महामार्ग ससूनवघर, बापाणे, चिंचोटी करत उत्तरेला जातो. गुजरातकडचे कंटेनर, भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे ट्रक, कामावरून सुटलेल्या दुचाकी, फाट्यावर वाट पाहणाऱ्या रिक्षा आणि पलीकडच्या गावात जायला रस्ता ओलांडणारी माणसे, सगळी एकाच डांबर-काँक्रीटवर. अशा चार किंवा अधिक पदरी, दुभाजक असलेल्या महामार्गावर कारसाठी केंद्राने २०१८मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. वळण, पूल आणि वस्तीपाशी फलकावरचा आकडा आणखी कमी असतो.

बतिस्ता ताशी १०० किलोमीटरवरून ३१ मीटरमध्ये थांबते. जगातले फार उत्तम ब्रेक आहेत तिचे. त्याच पकडीने ताशी ३५० वरून थांबायचे, तर ब्रेकलाच पावणेचारशे मीटरहून अधिक जागा लागेल, कारण वेग साडेतीन पट झाला की जिरवायची ऊर्जा बारापट होते. त्याआधी डोळ्यांनी अडथळा पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद आहेच. तेवढ्यात गाडी आणखी १४६ मीटर गेलेली असते. एकूण अर्ध्या किलोमीटरच्या वर: बारा डब्यांच्या दोन लोकल टोकाला टोक लावून उभ्या केल्या, तर होईल एवढी लांबी.

साध्या गाडीचाही हिशेब करावा. ताशी १०० किलोमीटरला दीड सेकंदात ४२ मीटर जातात आणि चांगल्या, कोरड्या रस्त्यावर थांबायला पुढे सुमारे ५० मीटर लागतात. म्हणजे नव्वदच्या वर. रात्री हेडलाइटच्या लो बीममध्ये साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंतचेच नीट दिसते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर आणखी वाढते. म्हणून रात्री शंभरच्या वेगाने जाणारा चालक, त्याला दिसणाऱ्या अंतराच्या पलीकडे गाडी चालवत असतो. दिवा दाखवेल तेवढ्यातच थांबता येईल, असा वेग ठेवणे याला पर्याय नाही.

या महामार्गाने याची किंमत मोजली आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार कठड्यावर आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला. गाडी उत्तम होती, तिच्यात एअरबॅग होत्या. मृत्यू पावलेले दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे तपासात पुढे आले. गाडी थांबते तेव्हा तिच्यातला माणूस आपोआप थांबत नाही; त्याला पट्ट्याने गाडीला बांधलेले असावे लागते. विक्रमी धावेवर निघालेला चालक पाच-सहा ठिकाणी बांधलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असते आणि रुग्णवाहिका इंजिन सुरू ठेवून उभी असते. मागच्या सीटवरचा पट्टा हा त्याच व्यवस्थेतला आपल्या वाट्याला आलेला भाग आहे, आणि तो फुकट आहे.

वेगाची ओढ वाईट नाही. तिनेच चांगले टायर, चांगले ब्रेक आणि कमी ऊर्जेत जास्त चालणारी मोटार आपल्याला दिली. ही ओढ असलेल्या वसई-विरारच्या मुलामुलींसाठी वाटा खुल्या आहेत. पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी स्वतः इलेक्ट्रिक शर्यतीची गाडी बनवून इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन मार्गावर ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेत उतरत आले आहेत. आपल्या देशातही कोइम्बतूरच्या कारी मार्गावर विद्यार्थ्यांच्या अशा स्पर्धा होतात. तिथे हवेचा विरोध, टायरची पकड आणि ब्रेकचे अंतर हाताने शिकता येते, आणि चुकले तर गाडी फार तर मार्गाबाहेरच्या मोकळ्या पट्टीवर जाऊन थांबते.

यापुढे नव्या विक्रमाची बातमी येईल, आणि ती येणारच, कारण ताशी ५०० किलोमीटरचा टप्पा आता हाताच्या अंतरावर आहे, तेव्हा चार प्रश्न विचारावेत. धाव एका दिशेची होती की दोन? मार्ग कोणता आणि किती लांबीचा? टायर विकत मिळणारे होते की त्या दिवसापुरते घडवलेले? आणि ती गाडी किती मीटरमध्ये थांबली? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे विक्रमाचे मोल सांगतील. चौथा प्रश्न मात्र बापाण्याच्या फाट्यावरून निघणाऱ्या प्रत्येक चालकाने स्वतःच्या गाडीलाही विचारायचा आहे.